नकोबाईंची झारी

माझी आत्या गाड्यांची छतं शिवायची. दोन दारांच्या, बुटक्या, गुरगुरत पळणाऱ्या ज्या गाड्या असतात, ज्यांचं कापडी छत छत्रीसारखं मागे दुमडून ठेवता येतं, त्यांची. अशी गाडी जुनी झाली की इंजिनाच्या आधी तिचं कापड दगा देतं. हे ज्यांना ठाऊक असायचं ते जुनी गाडी घेण्याआधी आत्याला बघायला घेऊन जात. आत्या गाडीभोवती फिरायची, आत बसायची, बाहेर यायची आणि बहुतेक वेळा एकच शब्द बोलायची. नको.

जुन्या गाड्यांचा धंदा करणाऱ्यांनी त्यावरून तिचं नाव नकोबाई पाडलं होतं. ते तिच्या कानावर आलं तेव्हा ती चिडेल असं मला वाटलं. ती म्हणाली, "बरं झालं. पाटी रंगवायचं काम वाचलं."

तिची शिवणाची खोली एका गल्लीच्या टोकाला होती. उंच छत, एक लांबरुंद टेबल, जाड कापड शिवणारं काळं मशीन आणि भिंतीला लागून रचलेले कापडाचे गठ्ठे. मेणाचा आणि गोंदाचा वास. वरच्या झरोक्यातून ऊन आत यायचं आणि टेबलावरून हळूहळू सरकत जायचं. त्या खोलीत शिरलं की माझे डोळे जड व्हायचे. लहानपणी शाळा सुटली की मी तिथे गठ्ठ्यांवर झोपायची, आणि खरं सांगायचं तर मोठी झाल्यावरही झोपायची. मी ग्रंथालयात नोकरी करते, दिवसभर लोकांना गप्प बसवते. तिथून सुटून आत्याच्या मशीनच्या घरघरीत जाऊन पडलं की कुणीतरी अंगावर पांघरूण घातल्यासारखं वाटायचं.

गाडी तपासायची तिची एक रीत होती. सगळ्यात शेवटी ती चपला काढून गाडीत बसायची, छत लावून घ्यायची, काचा वर करायची आणि डोळे मिटायची. बाहेर कुणीतरी बागेतल्या झारीने छतावर पाणी घालायचं. पाइप तिला चालायचा नाही. "पाइप नुसता आरडाओरडा करतो," ती म्हणायची. "मला थेंब ऐकायचा असतो." झारीचं पाणी शिवणीवरून सावकाश फिरवत न्यायचं, आणि आत ती हाताने चाचपत असायची. आधी डोक्यावरचं अस्तर, मग काचेच्या वरचा कोपरा, मग पायाखालची चटई, चटईच्या खालचा भाग, शेवटी सीटखाली हात घालून तिथल्या वायरी. पाणी शिरतं वरून आणि घात करतं खाली, हे तिचं ठरलेलं वाक्य होतं. छत जिथे दुमडून बसतं त्या खाचेत पाणी वाहून जायला भोकं असतात. ती पाल्याने बुजली की पाणी गुपचूप सीटखाली साचतं, आणि मग वायरी कुजून एक दिवस भर रस्त्यात छत अर्ध्यावर अडकून उभं राहतं.

झारी धरायचं काम माझं. "नीट धर गं पोरी, आंघोळ घालतेयस, आग विझवत नाहीयेस," असं ती काच वर करता करता सांगायची.

आत्याने लग्न केलं नाही. बाबा, म्हणजे तिचा धाकटा भाऊ, यावर तिला कायम छेडायचे. "स्थळं काय थोडी आली होती? पण माणसाला आत बसवून वरून पाणी घालता येत नाही ना, म्हणून सगळ्यांना नको म्हणाली." आत्या त्यांना कासव म्हणायची. त्याला कारण होतं. बाबा रोलर चालवायचे. रस्ता दाबायचा रोलर, ज्याच्या पुढून कोंबडीसुद्धा आरामात रस्ता ओलांडून जाते. सगळी नोकरी त्यांनी चालण्याच्या वेगाने काढली. आमच्या गावातले निम्मे रस्ते त्यांच्या हाताखालून गेलेले आहेत, आणि त्या रस्त्यांवरून बाकी सगळं जग सुसाट गेलेलं आहे.

ते निवृत्त झाले आणि एका दुपारी जेवता जेवता म्हणाले, "मला उघड्या छताची गाडी घ्यायची आहे. जुनी चालेल. पण पळणारी हवी."

आई म्हणाली, "आधी जिना धाप न लागता चढून दाखवा." आम्ही हसलो. बाबाही हसले, पण नंतर वाटीतलं बोट तसंच ठेवून खिडकीबाहेर बघत बसले.

त्यांच्या डोळ्यांचं तोवर आम्हाला कुणालाच माहीत नव्हतं. पुढच्या आठवड्यात मी त्यांना चष्म्याचा नंबर वाढला असेल म्हणून डोळ्यांच्या डॉक्टरांकडे घेऊन गेले. डॉक्टरांनी बऱ्याच तपासण्या केल्या आणि खुर्ची जवळ ओढून शांतपणे सांगितलं. समोरचं नीट दिसतंय. पण दोन्ही बाजूंचं दिसणं आत आत येत चाललंय, पडदे ओढत आणावेत तसं. गेलेलं परत येणार नाही, औषधाने वेग कमी होईल. दिवसाउजेडी, नेहमीच्या रस्त्यावर गाडी चालवायला आत्ता तरी हरकत नाही. "मात्र कोरडे महिने संपताना, पावसाच्या तोंडावर, पुन्हा या," डॉक्टर म्हणाले. "तेव्हा बहुतेक मी नाही म्हणेन."

दवाखान्याच्या जिन्यात बाबा थांबले. कठड्यावर हात ठेवून म्हणाले, "तुझ्या आईला मी सांगतो. ताईला सांगू नकोस."

"का?"

"ती मलाच नको म्हणेल."

आता आलं ध्यानात, की गाडीची घाई कसली होती. त्यांना कळलं होतं आधीच. डॉक्टरांनी फक्त ते मोठ्याने म्हटलं.

मग सुरू झाली आमची शोधाशोध, आणि त्याबरोबर माझा मनस्ताप. कारण गाडी तपासायला येणार कोण? आत्या. तिला वगळून गाडी घेतली असती तर तिने जन्मभर तोंड बघितलं नसतं.

पहिली गाडी लाल होती आणि दिसायला अशी, की बाबा तिच्याकडे बघून लाजले. आत्याने दार उघडलं, वाकून वास घेतला आणि पायाखालची चटई बघितली. कोरी करकरीत चटई. "जुन्या गाडीत एवढी नवी चटई कशाला लागते?" तिने कोपरा उचलला. खालचा पत्रा गंजून चॉकलेटी झाला होता. नको.

दुसरीचं छत उत्तम होतं. पण आत्याने ते उघडायला लावलं, मग दोन्ही दारं बंद केली आणि फटींवरून बोट फिरवलं. एका बाजूची फट वर अरुंद आणि खाली रुंद. पत्र्याचं छत नसलेली गाडी म्हणजे झाकण नसलेला डबा, ती आधीच मऊ असते, त्यात हिला कुठेतरी जबर ठोकर बसून सरळ केलेली. नको. तिसरीचे टायर आतल्या कडेने खाल्लेले आणि क्लच चढावर करपल्यासारखा वास मारायचा. मालक शर्यती लावणारा असणार, आत्या त्याचं तोंडही न बघता म्हणाली. नको.

तिचं चुकत होतं असं नाही. तिचं एकदाही चुकलं नाही, याचाच मला राग यायचा. प्रत्येक वेळी बाबा सीटवरून उतरायचे, स्टिअरिंगवरून एकदा हात फिरवायचे आणि दार हळूच लावायचे. आणि परतताना आत्या त्यांच्या पाठीवर थाप मारून म्हणायची, "घाई कसली रे कासवा? आता कुठे सुटलायस कामातून. पुढच्या वर्षी चांगली येईल एखादी."

पुढच्या वर्षी! मी गप्प बसायची. ग्रंथालयात मी गप्प बसायचा पगार घेते, इथे फुकट बसत होते. एकदा रिकामी झारी मी इतक्या जोरात आपटली की तिचं तोंड चेपलं. आत्याने ते पक्कडीने सरळ केलं आणि झारी परत माझ्या हातात दिली.

कोरड्या महिन्यांची सुरुवात झाली होती तेव्हा पोहायला शिकवणाऱ्या एका मास्तरांची गाडी विकायला निघाली. मास्तर मोठ्या आवाजात बोलणारे, गळ्यात अजून शिट्टी. पाठीचं दुखणं सुरू झालं होतं आणि इतक्या बुटक्या गाडीत बसणं-उठणं त्यांना जमेना, म्हणून विकायची होती. गाडी गर्द हिरवी, शेवाळलेल्या तळ्यासारखी. छताचं कापड उन्हाने विटलेलं, मागची खिडकी काचेची नव्हती, पारदर्शक प्लास्टिकची होती आणि पिवळी पडून धुरकट झाली होती.

आत्या आधी कापडाकडे गेलीच नाही. तिने बॉनेटवर तळहात ठेवला.

"मास्तर, ही गरम आहे."

"थंडी वाजू नये म्हणून जरा फिरवून आणली," मास्तर म्हणाले.

"पोरांना तुम्ही पाण्यात थंडच उतरवता ना? मग हिचे लाड कशाला? उद्या येतो आम्ही. तोवर हात लावू नका." गरम इंजिन सगळं झाकतं, हे ती मला वाटेत समजावत होती. रोग असेल तर पहिल्या घासाला खोकतं, नंतर शहाण्यासारखं बसतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी खरंच गार होती. इंजिन बाबांचं काम. त्यांनी किल्ली फिरवायला लावली आणि पुढच्या मडगार्डवर कान टेकला. आधी किंचित साखळी वाजल्यासारखं किणकिणलं, मग तो आवाज विरला आणि एक खोल, भरलेली घरघर सुरू झाली. मागून धूर निळा आला नाही, पांढरा राहिला नाही. बाबा कान तसाच ठेवून उभे होते, डोळे मिटून, तोंडावर हसू. रोलरच्या पोटात इतकी वर्षं ऐकलेली धडधड आणि ही यांत काय फरक, ते त्यांनाच माहीत. मग त्यांनी ती अंगणातून बाहेर नेऊन चढावर चालवून आणली. क्लचचा वास नाही, ब्रेक धरताना गाडी बाजूला ओढत नाही, छत उघडं असताना दारं कुरकुरत नाहीत.

"पोट साफ आहे हिचं," बाबा म्हणाले, आणि लहान मुलासारखे माझ्याकडे बघायला लागले. बाकी होती झारी.

आत्या चपला काढून आत बसली. मी झारी भरून बाजूला ठेवली आणि बाह्या दुमडायला लागले. बाबा गाडीला वळसा घालून आले. वाटेत दुसरं दार अर्धवट उघडं होतं, त्यावर त्यांची मांडी आपटली. ते दार लावून दोन पावलं पुढे आले आणि त्यांच्या पायाने झारी लवंडली. सगळं पाणी फरशीवर.

"कुणी ठेवली इथे?" ते हसत म्हणाले.

झारी लाल रंगाची होती. भर उन्हात ठेवलेली होती. मी ती पुन्हा भरून आणली. त्या पिवळ्या खिडकीतून आत्याचं डोकं धूसर दिसत होतं, आणि ते डोकं आमच्याकडे वळलेलं होतं.

मी पाणी घालायला सुरुवात केली. काय सांगू, त्या सकाळी मला कसलीशी गुंगीच आली. अंगणात कुणी बोलत नव्हतं, मास्तरसुद्धा. पाणी कापडावर पसरायचं, रंग गडद व्हायचा, कडेवर थेंब जमून ओघळायचे, ऊन त्यांत शिरून बाहेर पडायचं. बाबा चाकाशी उभे राहून ते बघत होते. आपण सगळे असेच उभे राहू, झारी संपणार नाही, आत्या बाहेर येणार नाही आणि नको हा शब्दच उच्चारला जाणार नाही, असं मला वाटत राहिलं. पण झारी संपली.

दार उघडलं. आत्या बसल्या जागेवरून पाय बाहेर टाकून हात पुढे करून बसली. अशा गाड्या इतक्या बुटक्या, की आत्याला वर ओढायला कुणीतरी लागायचंच, आणि हे काम नेहमी बाबांचं. बाबा दारापाशी अगदी तिला लागून उभे होते. पण ते समोर बॉनेटकडे बघत होते, त्या मघाच्याच हसऱ्या तोंडाने. आत्याचा हात त्यांच्या कुशीपासून वीतभर लांब, हवेत. त्यांना तो दिसला नाही. तिने हात थोडा हलवला. तरी दिसला नाही.

मी पुढे व्हायला हवं होतं, झाले नाही. आत्याने हात मागे घेतला, दाराची चौकट धरली आणि एकटी, हळूहळू, गुडघ्यांवर भार देत उठली. तिची उजवी बाही कोपरापर्यंत ओली झाली होती.

"गळतंय," ती म्हणाली.

बाबांचे खांदे खाली आले. मास्तरांनी शिट्टी मुठीत घट्ट धरली.

"मागची शिवण गेलीय, कोपऱ्यातून धार लागते. भोकं बुजलीत. खिडकी कामातून गेलीय." तिने बाही पिळली. "घे."

मला आधी वाटलं मी चुकीचं ऐकलं. मास्तर "अहो मग..." म्हणून थांबले. आणि बाबा आनंदाने ओरडायच्या ऐवजी पांढरेफटक पडले. बहिणीच्या तोंडून त्यांनी जन्मात तो शब्द गळक्या गाडीबद्दल ऐकला नव्हता.

"कुणी सांगितलं तुला?" ते म्हणाले आणि माझ्याकडे बघितलं. मी नाही म्हणून जोरात मान हलवली.

"कुणी कशाला सांगायला पाहिजे? मी काय आंधळी..." आत्याने ओठ चावला. मग त्यांच्या अगदी समोर जाऊन उभी राहिली, जिथे ते तिला पूर्ण बघू शकत होते. "इतक्या गाड्यांच्या सीटखाली हात घातले मी. तुला एकदा नीट बघितलं नाही. किती दिवस आहेत?"

"कोरडे महिने संपेपर्यंत."

"मग कशाला मला बोलू दिलंस पुढच्या वर्षी, पुढच्या वर्षी? कासवा, अरे गधड्या!" आणि ती रडली. मास्तरांच्या अंगणात, ओल्या बाहीने डोळे पुसत, चांगली मोठ्याने रडली. मास्तर बिचारे आत जाऊन पाण्याचा तांब्या घेऊन आले. आमच्याकडे त्या दिवशी पाण्याची काही कमी नव्हती.

गाडी आमची झाली. पहिल्याच रविवारी बाबांनी तळ्याकाठच्या रस्त्यावर न्यायचं ठरवलं. तो रस्ता त्यांनीच दाबलेला. छत मागे दुमडलं, आत्या पुढे बसली आणि मी मागच्या त्या नावापुरत्या सीटवर, गुडघे हनुवटीला लावून. आत्याने रुमाल डोक्याला बांधला आणि दोन्ही हातांनी सीटची कड धरली. तिचं तोंड बघून माझ्या लक्षात आलं.

"आत्या, तू छत उघडं टाकून कधी बसलीच नाहीस?"

"कधी बसणार? मला बोलावतात ते बंद करून बघायला."

रस्ता सरळ आणि मोकळा होता. बाबांनी गाडी सोडली. मला ती अवघी काही क्षणांची धाव आठवते ती अशी, की पाठ सीटला चिकटली, पोट मागे राहिलं, झाडं एकमेकांत मिसळली आणि आत्या जे ओरडली ते नको होतं की आणखी होतं ते वाऱ्याने मला ऐकू दिलं नाही. बाबा हसत होते. त्यांची हनुवटी वर होती आणि मानेच्या शिरा तरुण माणसासारख्या ताठ.

मग तळं दिसलं आणि त्यांनी पाय काढून घेतला. गाडी हळू झाली, आणखी हळू झाली, अगदी चालण्याच्या वेगावर आली आणि तिथेच राहिली. मागून एक सायकलवाला आम्हाला ओलांडून गेला. एका मोटारीने भोंगा वाजवला आणि आतल्या माणसाने आमच्या गाडीकडे बघून कपाळावर हात मारला.

"अरे चालव की!" आत्या म्हणाली. "एवढी पळणारी आणलीस ती रोलरसारखी फिरवायला?"

"थांब ना. बघू दे." बाबा मान सबंध डावीकडे वळवून तळ्याकडे बघत होते, मग पुढचा रस्ता, मग मान सबंध उजवीकडे, मग पुन्हा पुढे. "रोलरवरून हे सगळं दिसायचं. तेव्हा मी कामावर होतो, बघत नव्हतो. कुठल्याही बंद मोटारीत बसलं की तिच्या चौकटी मध्ये येतात. माझी स्वतःची चौकट आहे ना आता, आणखी नको."

 आत्याने डोकं मागे टेकलं आणि वर बघितलं. आयुष्यभर ज्याला तिने कापड लावलं ते आभाळ तिच्या तोंडावर सरळ उतरलं होतं. थोड्या वेळाने तिने रुमाल सोडला आणि मांडीवर ठेवला. आम्ही तसेच गेलो, रोलरच्या चालीने, पाण्याच्या कडेकडेने, आणि मला पुन्हा झोप यायला लागली.

दुसऱ्या दिवशी आत्याने गाडीचं छत उसवून नेलं. सांगाडा तेवढा ठेवला. "आठवडाभरात देते," ती म्हणाली. आत्याचा शब्द म्हणजे दगडावरची रेघ असते, सगळ्यांना माहीत आहे. पण आठवडा गेला, महिना गेला. आधी दोरा आला नव्हता. मग कापडाची छटा जुळेना. मग मशीनचा पाय कुरकुरायला लागला. आई म्हणाली, "तुझी आत्या म्हातारी झाली बाई."  बाबा रोज सकाळी टोपी घालून, बिनछताची गाडी काढून जायचे. कधी आईला घेऊन, कधी मला, कधी आत्याला, बऱ्याचदा एकटे. जिथे जिथे त्यांनी रस्ता दाबला होता तिथे सगळीकडे जाऊन आले. जेवताना सांगायचे, अमुक वळणावरचं झाड आता किती मोठं झालंय, तमुक ठिकाणी आपण घातलेला उतार अजून पाणी बरोबर वाहून नेतो.

एका दुपारी मी आत्याच्या खोलीत गठ्ठ्यांवर आडवी झाले तर पाठीला काहीतरी कडक टोचलं. मी वरचं कापड बाजूला केलं. खाली घडी घातलेलं हिरवं छत होतं. शिवण पुरी झालेली, मेण चोळलेली, मागे स्वच्छ काचेची खिडकी बसवलेली, अस्तर लावलेलं. घडीवर धूळ होती. म्हणजे फार दिवसांपूर्वीच तयार झालं होतं. मशीनची घरघर थांबली होती. मी मान वळवली तर आत्या माझ्याकडे बघत होती.

"दोरा नाही आला अजून," ती म्हणाली.

"कळलं," मी म्हणाले, आणि वरचं कापड पुन्हा नीट पसरून त्यावर झोपले.

कोरडे महिने संपत आले तेव्हा आम्ही डॉक्टरांकडे गेलो. ते नाही म्हणाले. हळुवारपणे म्हणाले, पण नाहीच. घरी येऊन बाबांनी गाडीची किल्ली माझ्या हातात ठेवली, माझी बोटं तिच्यावर मिटवली आणि हातपाय धुवायला निघून गेले. मी आत्याला फोन केला. ती फक्त "बरं" म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती छत घेऊन आली. एका सकाळीत तिने ते चढवलं, ताणलं, कडा बसवल्या, भोकांतून तार फिरवून पाणी सुटतंय का बघितलं. बाबा पायरीवर बसून होते. तिकडे बघतही नव्हते. काम संपलं तेव्हा तिने मला खुणेने झारी आणायला सांगितली, चपला काढल्या आणि हाक मारली.

"कासवा, इकडे ये. आज मला आत सोबत पाहिजे."

"मी कशाला?"

"माझे गुडघे दुखतात. तू चाचपशील, मी सांगेन."

ते उठले. तिने दार धरलं, त्यांनी चौकट हाताने शोधून डोकं वाकवलं आणि आत बसले. ती दुसऱ्या बाजूने शिरली. काचा वर गेल्या. मी झारी उचलली. मागच्या नव्या काचेतून मला दोघांची डोकी दिसत होती, एकाच उंचीची, एकसारखी पांढरी. कापडातून त्यांचं बोलणं पाण्याखालून यावं तसं येत होतं.

"डोळे मीट."

"माझ्या डोळ्यांनी आता काय फरक पडतोय, ताई?"

"पडतो. अर्धवट दिसलं की माणूस त्यावरच भरवसा ठेवतो. पुरते मीट. आता हात वर ने. काय लागतंय?"

"कापड."

"कापड सगळ्यांना लागतं. पुढे ये."

"शिवण."

"हां. ती सोडू नकोस. तिच्याबरोबर चालत ये, तुझ्या रोलरसारखा. कोपरा आला?"

मी पाणी घालत होते. थेंब शिवणीवरून, कोपऱ्यावरून, काचेवरून जात होते.  बाबांचा हात अस्तरावरून सरकत चालला होता, खालून बोटांचे उंचवटे छतावर उठत होते आणि मिटत होते, आणि मी झारी त्यांच्या मागोमाग नेत होते.

"ताई," बाबांचा आवाज आला. "थेंब ऐकू येतोय. बरोबर माझ्या बोटावर पडतोय. पण कोरडं आहे गं."

"नक्की?"

"कोरडं आहे."

"पुन्हा एकदा पहिल्यापासून बघ," आत्या म्हणाली. "घाई कसली?"

माझी झारी रिकामी झाली होती. मी ती भरून आणायला गेले.